उजवी मिशी

माझे दाजी जयसिंगराव धायगुडे यांच्याबद्दल सांगायचं तर मिशीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण ते जिथे जात तिथे आधी मिशी पोचायची आणि मागून ते. थोरल्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर थट्टा करायचा हक्क मला होता आणि तो मी पुरेपूर वापरला. "दाजी, आज तिला सुट्टी द्या, दमली असेल," असं मी म्हणायचे. ते आरशातून नजर न काढता म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुम्ही पाढे शिकवा."

मी मंगला, त्यांच्या बायकोची, भानुमतीआक्काची, धाकटी बहीण. मी लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि आक्काच्याच घरी, इंदूरच्या स्नेहलतागंजात राहत होते. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे रस्त्याला लागून ओटा, एवढंच घर. आक्काला मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही तिघं आणि दाजींचे वडील तुकोजी धायगुडे, ज्यांना सगळा मोहल्ला आबा म्हणायचा.

बाप आणि लेक दोघंही होळकरांच्या रिसाल्यातले. आबा दफेदार होऊन घरी बसले आणि दाजी त्यांच्या जागी घोड्यावर बसले. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, रिसाला मोडला, घोडे कुठे कुठे गेले आणि लाइनीतलं क्वार्टर सोडून आम्ही भाड्याच्या घरात आलो. दाजींना सेक्रेटरिएटच्या दारावर जमादार म्हणून घेतलं. माझं मत विचाराल तर सरकार नवं असलं तरी दारावर मिशी जुनीच पाहिजे होती. मंत्र्यांना भेटायला आलेले लोक आधी दाजींनाच सलाम ठोकायचे आणि दाजी तो निमूटपणे घ्यायचे.

या बाप-लेकांची एक रीत होती. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. रोज सकाळी आंघोळ झाली की दाजी त्यांच्या खाटेपाशी जाऊन वाकत. आबा दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवत. कपाळ, गाल, हनुवटी आणि शेवटी मिशी. दोन्ही टोकांना चिमटीत धरून पीळ देत आणि म्हणत, "जा." मग चंची सोडून तंबाखू चुन्याबरोबर मळत, अर्धी आपल्या तोंडात टाकत आणि अर्धी लेकाच्या हातावर ठेवत. दिवसभरात त्या दोघांचं एवढंच बोलणं व्हायचं, आणि दोघांनाही ते पुरत असे.

एका उन्हाळ्याच्या शेवटी दाजींच्या डाव्या गालात आतून फोड आला. चुन्याने भाजलं असेल असं ते म्हणाले आणि तंबाखूची गोळी उजव्या गालात ठेवू लागले. फोड बरा होईना. पुढे तोंड नीट उघडेनासं झालं, पोळी बारीक करून खाऊ लागले, तरी दाढेवर ढकलत राहिले. आक्काला उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा कुठे ती त्यांना स्टेशनजवळच्या आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मग मुंबईला जायला सांगितलं. तो रोगाचा शब्द आमच्या घरात एकदाच उच्चारला गेला, तोही स्वयंपाकघराचं दार लावून.

दाजींना रोगापेक्षा त्याचं नाव बाहेर फुटेल याचीच धास्ती. ऑफिसात दाताचं काम सांगितलं, मोहल्ल्यात गावाकडच्या जमिनीचं. आबांना सांगितलं की सेक्रेटरिएट ग्वाल्हेरला निघालंय आणि दाजींना बरोबर जावं लागतंय. त्या वेळी सरकारचा मुक्काम अर्धं वर्ष इंदुरात आणि अर्धं वर्ष ग्वाल्हेरला असायचा. आबांना तो सगळा प्रकारच वेडेपणाचा वाटायचा, त्यामुळे या खेपेला इतक्या लवकर का निघाले असं त्यांनी विचारलंही नाही. "जा," म्हणाले आणि मिशीला पीळ दिला.

मुंबईत दाजी परळला एका चुलतभावाकडे राहिले आणि तिथल्या इस्पितळात गालावर किरण सोडून त्यांना विजेचे शेक दिले. गणपती झाल्यावर ते परत आले. आम्ही दोघी स्टेशनवर गेलो तर आम्हाला ते ओळखूच आले नाहीत, कारण फेट्याचा शेमला तोंडावरून डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला होता. घरात शिरल्यावर त्यांनी हातानेच विचारलं, आबा जागे आहेत का. आबा झोपले होते. मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी खिडकी लावून घेतली, भिंतीकडे तोंड करून शेमला सोडला आणि आमच्याकडे वळले.

डाव्या कानापासून ओठापर्यंत कातडी करपून काळी पडली होती. कडेला तिचे पापुद्रे सुटत होते आणि जबड्याखालच्या वळीत तर ती निघूनच गेली होती, आतलं लाल मांस ओलं दिसत होतं. पण मी बघत राहिले ते दुसरंच. मिशीची डावी बाजू गेली होती. कापलेली नव्हे, मुळापासून गळलेली. वरचा ओठ तिथे लहान मुलासारखा गुळगुळीत होता आणि नाकाच्या उजवीकडे मात्र जुनी मिशी, मेण लावून पीळ दिलेली, तशीच उभी. जन्मभर मी त्या मिशीवरून बोलत आले होते. त्या दिवशी मला एक शब्द सुचला नाही.

आक्काने विचारलं, "दुखतं का?"

"दुखण्याचं काही नाही," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. जे दुखत होतं ते वेगळंच होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून पाठवलं होतं. शेकाने भाजलेली कातडी शेक संपल्यावरही काही दिवस आणखी बिघडते आणि मग हळूहळू भरत येते. तोवर तिला वारा लागू द्यायचा. साबण नाही, वस्तरा नाही, टिंक्चर नाही आणि मुख्य म्हणजे कापडाचं घासणं नाही. पाणी सुटलं तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याची घडी नुसती टेकवायची, पुसायचं नाही. गाल आतून आधीच पातळ झालेला होता. बाहेरून जखम चिघळली तर गालाला भोक पडेल आणि मग ते बुजवणं कुणाच्या हातात नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं.

म्हणजे तोंड उघडं ठेवायचं, एवढंच औषध. आणि नेमकं तेच दाजींना जमणार नव्हतं.

तुम्ही म्हणाल, उरलेली अर्धी काढून टाकायची. मीही तेच म्हणाले. उजव्या बाजूला तर शेक नव्हता, वस्तरा चालला असता. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंसलतं बोलले होते. "मंगला, आबा बैठे हैं अभी," एवढंच म्हणाले. धायगुड्यांच्या घरात बाप जिवंत असताना मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. बाप गेला की पहिल्या दिवशी डोकं आणि मिशी उतरवतात. मिशी नसलेला मुलगा रस्त्यात दिसला की माणसं विचारत नाहीत, सरळ भेटायला घरी येतात. बाप असताना ती काढणं म्हणजे तो मरावा असं बोलून दाखवण्यासारखं. मला ही रीत तेव्हाही वेडगळ वाटायची, आजही वाटते. पण दाजींसाठी ती श्वासाइतकी खरी होती, आणि अर्धी मिशी घेऊन चारचौघांत बसणं त्याहून अशक्य.

तेव्हा शेमला परत तोंडावर चढला. खळ घालून कडक केलेलं मलमलीचं कापड ते. आक्काने मऊ जुनं धोतर फाडून दिलं तर त्यांनी ते शेमल्याच्या आतून लावलं, पण शेमला सोडला नाही. आतल्या खोलीत बसून असायचे, तिथेही बांधलेलाच, कारण शेजारणी मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायच्या. एक दिवसाआड दाढी करायला येणारा गेंदालाल न्हावी आला तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. ऑफिसची रजा वाढवली.

आबांपासून मात्र लपणं कठीण होतं. आंधळ्या माणसाला पाऊल ओळखू येतं. पहिल्याच सकाळी त्यांनी हाक मारली, "आला का रे?" दाजी दारातच उभे राहिले आणि कापडातून म्हणाले की सर्दी झालीय, तुम्हाला लागेल, म्हणून जवळ येत नाही. दुसऱ्या दिवशीही सर्दी, तिसऱ्या दिवशीही सर्दी. आबा रोज सकाळी खाटेवर उठून बसायचे, हात मांडीवर उताणे ठेवून वाट बघायचे आणि मग चंची न उघडताच परत आडवे व्हायचे.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप घेतला नाही. आवाज खाली आणून मला विचारलं, "मंगला, माझा वास येतो का?"

मला आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, म्हातारा माणूस, डोळे नाहीत, कधी धोतर खराब होत असेल, आपल्याला समजत नाही. भानुमती सून आहे, ती सांगणार नाही. तू खरं बोलतेस म्हणून तुला विचारतो. जयसिंग दारातूनच परत का जातो?

मी नाही नाही म्हणत राहिले, पण खरं कारण सांगू शकले नाही आणि खोटं मला जमलं नाही. तशीच आतल्या खोलीत गेले आणि दाजींना चांगली झाडली. म्हटलं, तुम्हाला तुमच्या मिशीची लाज वाटते आणि तिकडे तो म्हातारा स्वतःच्या अंगाची लाज बाळगून बसलाय. तुमच्या घराण्याची रीत असेल, पण तिच्यापायी बापाचा उकिरडा केलात.

त्यांनी शेमल्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "त्या हातांखाली हे तोंड कसं घालू? आणि कशाने झालं विचारलं तर काय सांगू? चंची त्यांची आहे."

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. ते नुसते स्वतःला लपवत नव्हते. आबांपासून आबांचा दोषही लपवत होते. मग मला पुढे भांडता आलं नाही.

त्याच आठवड्यात कापड जखमेला चिकटलं. आक्काने मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवून ठेवून ते सोडवलं, तरी सुटताना कातडी घेऊनच आलं. जबड्याखालची ओली जागा वाढून गालावर चढली होती आणि तिला वास यायला लागला होता. डॉक्टर घरी आले, बघितलं आणि दाजींशी न बोलता आमच्याशीच बोलले. म्हणाले, मुंबईत रोगाचं काम बरंचसं झालंय आणि इथे तुम्ही फेट्यापायी गाल घालवणार. आणखी आठ-दहा दिवस हे असंच बांधून ठेवलं तर मला बोलावू नका. दाजींनी मान हलवली. डॉक्टर उंबरा ओलांडून गेले आणि दाजींचा हात शेमल्याकडे गेला.

दसरा आला. दसऱ्याला आपट्याचं सोनं पहिल्यांदा बापाच्या हातात द्यायचं, पायावर डोकं ठेवायचं, मग बाहेर. सर्दीचं कारण दसऱ्याला चालत नाही. आबांनी सकाळीच आक्काकडून जुना फेटा मागून घेतला, स्वतः चाचपडत बांधला आणि खाटेवर ताठ बसले. आक्का माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि दाजी बाहेर आले. तोंड उघडं होतं आणि मिशी पुरी होती.

दोन्ही बाजूंना तोच आकडा. मग उजेडात आल्यावर दिसलं की डावीचा काळा रंग जरा जास्तच काळा आहे. ऑफिसातला लक्ष्मीकांत नावाचा कारकून गणेशोत्सवातल्या नाटकांत काम करायचा. त्याच्याकडून त्यांनी नाटकाची मिशी मिळवली होती, मधोमध कापली होती आणि नाटकवाले लावतात तो गोंद त्या भाजल्या ओठावर लावून ती चिकटवली होती. गोंदाने किती चुरचुरलं असेल ते त्यांच्या डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यावरून समजत होतं. एवढा मोठा रिसाल्यातला माणूस आणि मुलांनी शाळेच्या गॅदरिंगला करावं तसं करून बसला होता. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

त्यांनी सोनं दिलं, पायावर डोकं ठेवलं आणि मग खूप दिवसांनी बापापुढे चेहरा केला. आबांचे हात वर आले. कपाळ झालं, उजवा गाल झाला. डावा गाल दाजींनी मान तिरकी करून चुकवला. मग मिशी. उजव्या टोकाला पीळ बसला. डावं टोक आबांनी चिमटीत धरलं, पीळ दिला आणि ते त्यांच्या हातात आलं.

ओठावरून रक्ताची एक रेघ हनुवटीपर्यंत आली, पण दाजींनी ती पुसली नाही. ते तसेच वाकलेले होते. आबांनी तो केसांचा पुंजका दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि मांडीवर ठेवला. मग हात परत पुढे केला आणि या वेळी अगदी हळू, आधी गुळगुळीत ओठावरून आणि मग चुकवलेल्या डाव्या गालाच्या कडेकडेने फिरवला. ओलं लागलं तिथे बोट थांबलं.

"कुणी भाजलं?" त्यांनी विचारलं.

"ग्वाल्हेरला गेलो नव्हतो, आबा," दाजी म्हणाले.

आणि मग सगळंच सांगितलं, जमिनीवर बसून, मान खाली घालून. फोड, मुंबई, शेक, डॉक्टर काय म्हणाले ते, शेमला, सर्दी, आणि आज केलं ते. तंबाखूचं नाव त्यांनी घेतलं नाही. दात किडल्यामुळे झालं असेल असं काहीसं पुटपुटले.

आबांनी उशीखालून चंची काढली. गाठ सोडली, आतली तंबाखू आणि चुन्याची डबी माझ्या हातात ओतली आणि बाहेर गटारात टाकून यायला सांगितलं. मी परत आले तेव्हा ते बोलत होते. म्हणत होते, पहिली चिमूट मी दिली. तू नको म्हणाला होतास. मी म्हटलं रिसाल्यात राहायचं तर पाहिजे. दाजी नाही नाही म्हणायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"घोड्याच्या पाठीला जखम झाली तर आपण काय करायचो?" त्यांनी विचारलं.

"खोगीर काढून ठेवायचो."

"आणि तू जखमेवरच खोगीर घालून बसलास. गेंदालालला बोलाव."

दाजींना अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, "तुम्ही बसलेले असताना नाही, आबा. लोक काय समजतील?"

"मी गेल्यावर काढणारच होतास ना? तेव्हा मला काय कळणार होतं? आज काढ. माझ्या हातात दे."

गेंदालाल आला तो सणाचे नवे कपडे घालून, बक्षिसी मिळेल म्हणून खुशीत. काम ऐकल्यावर त्याने पेटी बंद केली. हात जोडून विनवायला लागला, "बाबासाब, यो पाप म्हारा हाथ से मती कराओ." आबा म्हणाले, ज्याच्यासाठी काढायची तोच सांगतोय, मग पाप कसलं. आणि आत नाही, ओट्यावर काढायची, सगळ्यांच्या देखत. ते स्वतः आक्काच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. कितीतरी दिवसांनी त्यांनी उंबरा ओलांडला होता. फेटा बांधलेले आबा ओट्यावर बसले, शेजारी पाटावर दाजी बसले आणि गेंदालालने डोळे मिटल्यासारखे करून वस्तरा चालवला. कापलेली मिशी त्याने आबांच्या ओंजळीत ठेवली. आबांनी ती चाचपली, पीळ अजून होता. मग ती रिकाम्या चंचीत ठेवून त्यांनी गाठ मारली.

तो दिवस दसऱ्याचा, सगळा मोहल्ला सोनं वाटत हिंडत होता. दाजींचं सपाट तोंड लांबून दिसलं की लोकांची पावलं जड व्हायची, चेहरे लांब व्हायचे. बायका पदर डोळ्यांना लावूनच पुढे यायच्या. आणि जवळ आल्यावर ज्याच्यासाठी रडायचं तो म्हातारा फेटा बांधून समोर बसलेला. आबा प्रत्येकाला म्हणत, "मैं हूँ अभी. सोनं आणलंयस ना, मग दे." पुढच्याच वाक्यात सांगून टाकत की जयसिंगला गालाचा कॅन्सर झाला, मुंबईला विजेचे शेक दिले, त्याने भाजलंय, वारा लागायला पाहिजे म्हणून इथे बसलाय. जो शब्द आम्ही दार लावून उच्चारला होता तो ते भाजीचा भाव सांगावा तसा रस्त्यावर सांगत होते. पहिल्या दिवशी दाजी मान वर करू शकले नाहीत. लाजेने माणूस मरत असता तर ते त्या पाटावरच गेले असते.

पण रोज आबा म्हणायचे, "चल बाहेर," आणि रोज दोघं बाहेर बसायचे. मोहल्ल्याने दोन-तीन दिवस बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. आक्का मिठाच्या पाण्याच्या घड्या टेकवायची. ओली जागा सुकायला लागली, वास गेला. नवी कातडी गुलाबी आणि इतकी पातळ आली की माशी बसली तरी झोंबायची आणि ताणली की भेगाळायची. त्यावर काही लावू का असं आक्काने डॉक्टरांना विचारलं. जखम बंद झालीय, आता स्वच्छ असेल ते मऊ काहीही लाव, पण चोळू नकोस, असं ते म्हणाले. मग आक्काने काशाच्या ताटात घरचं तूप घेतलं आणि गार पाणी घालून तळहाताने ते फेटत बसली. पाणी गढूळ झालं की ओतायचं, नवं घ्यायचं. दुपारभर धुऊन धुऊन त्या तुपाचा वास गेला, पिवळेपणा गेला आणि ते लोण्यासारखं पांढरं आणि गार झालं. भाजल्यावर लावायला आमच्या आईने ते तिला शिकवलं होतं.

ते लावायचं कुठे हा प्रश्नच होता. दाजी बाहेर, आबा शेजारी, समोर रस्ता. आक्का अशी की सासऱ्यांसमोर नवऱ्याशी कधी सरळ बोलली नव्हती, मधे मला घालून बोलायची. मी वाटी तिच्या हातात दिली आणि माझं काम असल्यासारखी आत निघून गेले. दाराच्या फटीतून बघितलं. तिने पदर कपाळावर ओढला, मान लाल झाली होती, आणि एका बोटाने ती त्यांच्या गालावर तूप टेकवत होती. दाजींनी डोळे मिटले होते. म्हणाले, "गार वाटतं." आबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते, आंधळ्या माणसाने दुसरीकडे बघावं तसे.

गाल राहिला. रोगही राहिला नाही, निदान त्या वर्षांत तरी उलटला नाही. कातडी मात्र कायमची काळसर आणि ताणलेली झाली आणि डावी मिशी परत उगवली नाही. उजवी उगवायची ती गेंदालाल काढून टाकायचा. ऑफिसात परत गेले तेव्हा त्यांना दारावरून काढून आत फायली नेण्याच्या कामावर घातलं. कुणी काही बोललं नाही, पण कारण सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून बोलताना तोंडावर तळहात धरायची त्यांना सवय लागली. घरीसुद्धा. मी थट्टा सोडून दिली होती. ती मी पुन्हा सुरू करावी असं त्यांना वाटत असावं, पण मला धीर झाला नाही. सकाळी मात्र ते खाटेपाशी वाकायचे, आबांचे हात त्या ओठावर पोचून क्षणभर थांबायचे, आणि आबा म्हणायचे, "जा."

मध्यभारताच्या शेवटच्या वर्षी आबा गेले. सकाळी उठलेच नाहीत. ओट्यासमोर तिरडी बांधली, भाऊबंद जमले, गेंदालाल पेटी घेऊन आला. पाटावर बसवून त्याने दाजींचं डोकं केलं आणि मग वस्तरा हातात धरून तो नुसता उभा राहिला, कारण पुढे काढायला काही नव्हतं. बेटम्याहून आलेले प्रतापराव नावाचे चुलते तिथे होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं तरी बोलायचा त्यांचा स्वभाव. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापासाठी उतरवायला मिशी तरी ठेवायची होतीस, जयसिंग."

दाजींचा हात सवयीने तोंडावर गेला. दारात उभ्या उभ्या माझे कान तापले. आता काहीतरी बोलून मी त्या म्हाताऱ्याची चांगली कानउघाडणी करणार होते, तेवढ्यात आक्का माझ्या शेजारून आत गेली आणि उशीखालची चंची घेऊन आली. तिने ती माझ्याकडे दिली नाही. इतक्या माणसांतून स्वतः जाऊन नवऱ्याच्या हातात दिली.

चंची घ्यायला दाजींना तोंडावरचा हात काढावा लागला. त्यांनी गाठ सोडून आत बघितलं, पुन्हा बांधली आणि ती बापाच्या छातीवर, हातांखाली ठेवली.

"त्यांनी आधीच मागून घेतली, काका," ते म्हणाले. मग विस्तवाचं मडकं उचललं आणि उघड्या तोंडाने तिरडीच्या पुढे चालू लागले.